शांत राहणं म्हणजे शांती नव्हे!

होस्टेलमध्ये शांतता दोन प्रकारची असते. एक परीक्षेच्या आदल्या रात्रीची, दुसरी भांडणानंतरची. पहिली पेपर झाला की संपते. दुसरी मात्र अख्खं सेमिस्टर टिकते!

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये हेच झालं. सबमिशनच्या आदल्या दिवशी एकाची फाइल गायब झाली. आळ भलत्यावरच आला. मेसमध्ये शिवीगाळ, कॉलर धरणं, सगळं झालं आणि दोन गट पडले. फाइल कोणी नेली ते मला माहीत होतं. पण "काऊन पडतं बे दुसऱ्याच्या भानगडीत?" असं स्वतःलाच सांगून मी पांघरूण ओढून झोपलो. रेक्टर सरांना वाटलं, पोरं शांत आहेत.

माझा रूममेट वसईचा, ख्रिस्ती. त्या रात्री तोही नको ते बोलून गेला होता. पुढच्या रविवारी चर्चला निघाला आणि दारातूनच परत फिरला. वरच्या मजल्यावर गेला, माफी मागून आला. मी विचारलं तर म्हणाला, "अरे, भाऊ दुखावलेला असेल तर आधी समेट, मग देवापुढे दान. येशूचंच सांगणं आहे."

मग मी त्याच्याकडून बायबल घेऊन डोंगरावरचं प्रवचन वाचलं. येशू तिथे धन्य म्हणतो तो शांती करणाऱ्यांना, गप्प बसणाऱ्यांना नव्हे. मूळ ग्रीक शब्दातही 'करणं' आहेच. म्हणजे हे काम आहे, स्वभाव नाही!

त्याच्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बघा. कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. चर्चमध्ये शांत बसणं त्यांना सोपं होतं. पण पाणी, शेती आणि गुंडगिरीच्या प्रश्नावर ते हरित वसई चळवळीत उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला. त्यांनी उलट द्वेष केला नाही आणि तोंडही बंद ठेवलं नाही. २०२४ साली ते गेले.

मी चिमूरचा. आमच्या गावाला हा धडा महागात मिळाला आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, मोर्चावर गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. मग फौज आली, बायकांवर अत्याचार झाले. सरकारला हवी असलेली 'शांतता' गावात पसरली. तेव्हा सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी उपोषण केलं, तब्बल ६३ दिवस! ते ख्रिस्ती नव्हते, पण शांती करणारे नक्कीच होते. हात उगारला नाही आणि अन्याय झाकूही दिला नाही.

कोणी म्हणेल, "म्हणजे काय, रेक्टरकडे जाऊन चुगली करायची?" नाही भाऊ. येशूने त्याचीही रीत सांगितली आहे. ज्याचं चुकलं त्याच्याकडे आधी एकट्याने जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. सगळ्यांसमोर विषय काढायचा तो त्याच्याही नंतर. आपण नेमकं उलटं करतो. आधी अख्ख्या मेसला सांगतो आणि त्या माणसाशी बोलतच नाही!

गेल्या आठवड्यात मी एकटाच गेलो. फाइल नेणाऱ्याने ऐकून घेतलं, पण अजून कबूल केलं नाही. मग ज्याच्यावर आळ आला होता त्याला भेटलो. "तू नव्हतास, मला तेव्हाच माहीत होतं," म्हणालो. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तेव्हा काऊन नाही बोलला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण अजून पूर्वीसारखा बोलत नाही. चालेल. सेमिस्टर संपायला दोन महिने आहेत, मी पुन्हा जाणार आहे.

तुमच्याही विंगमध्ये एखादं दार असंच बंद असेल. आज जेवण झाल्यावर वाजवून बघा!