सेल्फ मारण्याआधी थोडा सब्र

ईद किंवा लग्नकार्य आटोपून कोकणातून परतणाऱ्या गाड्या चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढू लागतात. आत सहा-सात माणसे, मागे आंब्यांच्या पेट्या, एसी चालू. वळणावर पुढचा ट्रक थांबतो, आपली गाडी झटका देऊन बंद पडते आणि लवकर सुरूच होत नाही. मागून हॉर्न वाजू लागतात, मुले रडतात, मामू एक सांगतात, चाचा दुसरेच. चालवणारा गोंधळून सेल्फवर सेल्फ मारत सुटतो. आधी बॅटरी बसते, कधी इंजिनही जाते.

आता घरोघरी टर्बोच्या गाड्या आल्या आहेत, म्हणून टर्बोचा स्वभाव ओळखून घेणे बरे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. यामुळे एक लिटरचे इंजिनही मोठ्या इंजिनासारखे ओढते. पण धूर कमी असला की टर्बो झोपलेला असतो. साधारण १५०० फेऱ्यांच्या खाली ते इंजिन छोटेच राहते. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळली की म्हणूनच दम तोडते. अशा वेळी गाडीत बिघाड नसतो, पहिला गिअर हवा असतो.

गाडी बंद पडली की पहिले काम हँडब्रेक ओढण्याचे आणि चारही इंडिकेटर लावण्याचे. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच पुरतो, नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते आणि स्टिअरिंगही जड होते. उतारावर गाडी सोडून सुरू करण्याचा प्रयोग घाटात करू नये. मुलांना आणि बुजुर्गांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित बाजूला उभे करावे. त्रिकोणी फलक वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल असा ठेवावा.

आता सेल्फ मारायचा की नाही हे ठरवा. तीन प्रसंगांत मुळीच मारू नये. पहिला, बंद पडण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला असेल तर. दुसरा, गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच आतला रॉड वाकतो. असे नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचे जादा संरक्षण घ्यावे लागते. तिसरा, शिट्टीसारखा आवाज येऊन निळसर-पांढरा दाट धूर निघाला असेल तर. टर्बो फुटल्याची ही खूण असू शकते. डिझेल इंजिन मग टर्बोतून आलेले ऑइलच जाळू लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. तिन्ही वेळा टोचन गाडी बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे, जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

यातले काही नसेल तर एसी बंद करा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, क्लच पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एनमध्ये आणून ब्रेक दाबल्याशिवाय बटण चालत नाही. घाईत हेच विसरते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. पेट्रोलचा वास येत असेल तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत त्यामुळे पेट्रोल थांबते आणि आत फक्त हवा जाते. फार तापलेल्या गाडीला बॉनेट उघडून अर्धा तास द्या.

गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, काळा धूर येतो, फुस्स आवाज होतो, असे असेल तर टर्बोच्या हवेचा रबरी पाइप निसटलेला असण्याची शक्यता मोठी. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निघून जाते आणि पेट्रोल जास्त पडते. मिस्त्रीला ही लक्षणे नीट सांगा. काही वेळा नुसता क्लॅम्प आवळून काम होते, उगाच मोठा खर्च गळ्यात पडत नाही.

गाडी सुरू झाली की एक-दोन मिनिटे संथ चालू द्या. तापलेल्या टर्बोला थंड करणारे ऑइल इंजिन चालू असतानाच फिरते. घाट चढून हॉटेलपाशी थांबल्यावरही लगेच किल्ली काढू नये, ती याचसाठी.

निघण्यापूर्वी एक काम मात्र राहून जाते. चाकामागे लावलेले दगड आपण तिथेच सोडून जातो आणि रात्री मोटारसायकलवरून येणारा कुणाचा तरी मुलगा त्यावर आदळतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, अशी आपल्या नबी (सल्ल.) यांची शिकवण आहे. इथे तर ती वस्तू आपणच ठेवलेली असते. दगड उचलून कडेला टाका, बिस्मिल्लाह म्हणा आणि पहिल्या गिअरमध्ये निघा.