अंगणातला अनंत

दरवर्षी पावसाळ्यात अनेक शाळांत वृक्षारोपण होते. खड्डे खणतात, रोपे लावतात, टाळ्या वाजतात. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली किती रोपे जिवंत असतात? मला वाटते, दहा रोपे लावून विसरण्यापेक्षा एकच लावून ते जगवणे चांगले.

हे मला अनंताने शिकवले. अनंत हे मूळचे चीन-जपानकडचे झुडूप. त्याची पाने गडद आणि चकचकीत असतात. बाराही महिने ते हिरवेगार दिसते. त्याची पांढरीशुभ्र फुले थोड्याच दिवसांत पिवळसर होतात. पण त्यांचा सुगंध घरभर दरवळतो.

पहिल्यांदा मी अनंत लावला तो पश्चिमेच्या कुंपणाजवळ. तिथे दुपारचे कडक ऊन आणि गरम वारा. कळ्या आल्या, पण उमलण्याआधीच गळून पडल्या. मी रोप विकणाऱ्याला दोष देऊ लागलो. तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, रोपात खोट नाही. तुझी जागा चुकली."

पाऊस सुरू होताच मी ते झाड मातीच्या गोळ्यासकट काढले आणि घराच्या पूर्वेला, भिंतीच्या आडोशाला लावले. तिथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली असते. मातीत शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. माती ओलसर ठेवली, पण बुंध्याशी पाणी साचू दिले नाही. तरी पाने पिवळी पडू लागली. आमच्या विहिरीचे पाणी जड, क्षारांचे. अशा पाण्याने अनंताला मातीतले लोह नीट घेता येत नाही. मग मी पावसाचे पाणी साठवून घातले. पुढच्या वर्षी झाड फुलांनी भरून गेले.

कोणी म्हणेल, आमच्या घराला अंगणच नाही. मग गॅलरीत कुंडी ठेवा. फक्त तिच्या तळाला भोक हवे. कोणी म्हणेल, फुलझाडापेक्षा वड-कडुनिंब लावा. तेही जरूर लावा. पण ज्याला दारातले एक झुडूप सांभाळता येत नाही, तो रस्त्यावरचा वड काय सांभाळणार?

माळ्याला उर्दूत 'बागबान' म्हणतात. मराठीतला 'बागवान' तोच. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ आहे बाग राखणारा, नुसती लावणारा नव्हे. मुलांनो, या पावसाळ्यात एकच रोप लावा. पण त्याचे बागबान व्हा.