साखळी थांबविण्याचा अधिकार
गुणवत्ता-सुधारणेचा गवगवा ऐकला की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. ती गैरवाजवी नाही. तरीही फ्रीमॉन्टची हकीकत त्यांनी नजरेआड करू नये. कॅलिफोर्नियातील हा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ साली बंद केला. बेशिस्त कामगारांवर खापर फुटले. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार तेच होते, संघटनाही तीच. मात्र आता दोष दिसताच दोर ओढून उत्पादनाची साखळी थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला. गंभीर आर्थिक संकटावाचून कामगारकपात नाही, आणि तत्पूर्वी अधिकाऱ्यांचे पगार कमी करावेत, असे करारात लिहिले गेले. गाड्या उत्तम निघू लागल्या! भीती घालविल्यावाचून गुणवत्ता येत नाही, हे डेमिंग सांगतच होते. (आमच्या व्यवस्थापकांनी त्यांचे आलेख तेवढे उचलले.)

पुढे २००९ साली जनरल मोटर्सने भागीदारी सोडली आणि २०१० साली टोयोटाने तेथील उत्पादन थांबविले. त्या निर्णयाचा दोर कामगारांच्या हाती नव्हता. आपल्या संघटनांनी सुधारणेच्या समित्यांवर अवश्य बसावे. पण कारखाना बंद करण्याच्या निर्णयातील वाटा आधी करारात लिहून घ्यावा.