उसने कालखंड

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास आमच्या कॉलेजांतून ज्या रीतीने शिकविला जातो, तिजविषयी चार स्पष्ट शब्द बोलण्याची वेळ आली आहे; आणि ज्यांचा चरितार्थच या विषयावर चालला, त्या आम्हीच ते बोलणे अधिक उचित होय. 'रिस्टोरेशन'चा आरंभ कोणत्या साली, असे वर्गात विचारावे, की १६६० हे उत्तर तत्काळ येते. 'रोमँटिक' युग? १७९८. 'व्हिक्टोरियन'? १८३७ ते १९०१. परंतु यांपैकी एखाद्या युगातला एक तरी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आहे काय, एवढे विचारताच खाली गेलेल्या माना वर येत नाहीत. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा. नेटसारख्या परीक्षेत पर्यायांपुढे खूण करून गुण मिळतात. तेव्हा मुले खुणेपुरते वाचतात. वाङ्मय म्हणून आम्हीच त्यांच्या हाती वाङ्मयाचे वेळापत्रक दिले आहे.

एवढ्यावर भागते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण तेच वेळापत्रक आम्ही मराठी वाङ्मयाच्या भिंतीवरही आणून टांगले, आणि त्यामुळे आमच्या मुलांच्या मनात आपल्या भाषेविषयी एक चोरटा न्यूनगंड घर करून बसला. आमचा खरा तंटा आहे तो याच्याशी.

प्रथम त्या वेळापत्रकाचीच परीक्षा करू. त्यातील निम्मी नावे सिंहासनावरून आलेली आहेत. शेक्सपियर 'एलिझाबेथन' नाटककार म्हणून शिकविला जातो. पण राणी एलिझाबेथ १६०३ साली निवर्तली, आणि 'किंग लिअर' व 'मॅक्‌बेथ' ही नाटके तिच्या मागून आलेल्या जेम्स राजाच्या अमदानीतली. राणीच्या मृत्यूबरोबर कवीची प्रतिभा बदलत नाही, हे सांगावयास का पाहिजे? उरलेली नावे बहुधा मागाहून चिकटविलेली. वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांनी आपणांस 'रोमँटिक' संप्रदायाचे कवी म्हणवून घेतले नाही. समकालीन टीकाकार त्यांस 'सरोवर-संप्रदाय' म्हणून हिणवीत असत. डन्‌प्रभृति कवींस 'मेटॅफिजिकल' हे नाव जॉन्सनने रूढ केले, तेही दीडशे वर्षांनी आणि दूषण म्हणून. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या ऐन रोमँटिक युगात, १८११ पासून पुढे, प्रसिद्ध झाल्या. परंतु त्या युगाची म्हणून जी लक्षणे पाठ करवितात, ती तिला लावू गेल्यास एकही लागत नाही. हॉपकिन्स १८८९ साली वारला आणि त्याच्या कवितांचे पुस्तक निघाले १९१८ साली. त्यास कोणत्या कप्प्यात घालावयाचे? ज्या देशात हे कप्पे तयार झाले, तेथील वाङ्मयही त्यांत नीट मावत नाही, हे आम्ही मुलांस कधी सांगतो काय?

यावर कोणी म्हणेल, कालविभाग टाकून दिले तर इतिहास शिकवावयाचा तरी कसा? विभाग टाकून द्यावेत असे आमचे म्हणणेच नाही. ते कशावरून पाडले हे तपासावे, एवढाच आमचा आग्रह आहे. १६६० हे साल खरोखरच महत्त्वाचे आहे. १६४२ पासून बंद असलेली नाटकगृहे त्या साली पुन्हा उघडली आणि स्त्रिया प्रथमच सार्वजनिक रंगभूमीवर उभ्या राहिल्या. नाटक बदलले ते यामुळे. १६९५ साली छापखान्यांवरील परवान्याचा कायदा संपुष्टात आला आणि पुढे नियतकालिकांना बहर आला. गद्याला नवे वळण मिळाले ते त्यामुळे. लिहिणारा, ऐकणारा, वाचणारा, छापणारा यांच्या जीवनात जेथे काही पालटते, तेथे नवा काल सुरू होतो. हीच आमची कसोटी.

आता मराठीकडे वळू. केशवसुतांस 'रोमँटिक' म्हटले की 'तुतारी' ही १८९३ सालची कविता वर्डस्वर्थहून शंभर वर्षे मागाहून आलेली दिसू लागते. मर्ढेकरांस 'मॉडर्निस्ट' म्हटले की १९४७ सालच्या 'काही कविता' एलियटच्या १९२२ सालच्या काव्याहून पंचवीस वर्षे उशिराच्या ठरतात. अशा हिशेबाने मराठी वाङ्मय म्हणजे नेहमीच उशिरा धावणारी गाडी. लंडनहून सुटलेली, आमच्या स्टेशनात कधी तरी येऊन लागणारी! आणि या हिशेबात हरवते काय, तेही पाहावे. मर्ढेकरांच्या यंत्रयुगीन कवितेत अभंगाची चाल ठायी ठायी ऐकू येते. एलियटच्या कप्प्यावर दृष्टी खिळलेल्यास तुकोबा दिसत नाहीत. माधव ज्यूलियन फारसीचे व्यासंगी. त्यांच्या 'गज्जलांजली'चे मूळ इराणात. रोमँटिक म्हणून शिक्का मारला की इराण पुसला जातो. आणि बहिणाबाई चौधरी? लिहितावाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीची गाणी १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. मर्ढेकरांच्या संग्रहानंतर अवघ्या पाच वर्षांनी. तिच्यासाठी त्या वेळापत्रकात रकानाच नाही.

केशवसुतांनी इंग्रजी कवी वाचले, सुनीताचा घाट तेथूनच आणला, हे आम्ही कोठे नाकारतो? ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे. पण सावकाराची वही ही काही आपली जन्मपत्रिका नव्हे.

आम्ही हे लिहितो ते मालेगावात बसून. नाशिककडील नव्हे, वाशीम जिल्ह्यातील मालेगावात. अर्वाचीन मराठीचा आरंभ १८१८ पासून, असे येथील मुलेही पाठ करतात. त्या साली पेशवाई बुडाली हे खरे. पण आमचे वऱ्हाड तेव्हा निजामाच्या अमलात होते, आणि इंग्रजी कारभार येथे आला तो १८५३ साली. म्हणजे ही तारीख सगळ्या मराठी मुलखालासुद्धा लागू पडत नाही. त्यापेक्षा १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, अशा घटनांवरून काल मोजावा. कारण लेखक आणि वाचक कोण असावा, हे त्यांनी पालटले.

आणि काखेत कळसा असता गावाला वळसा तरी का घालावा? शेजारचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त याच नगरीत लावला आहे. विदर्भाच्या नावाची वैदर्भी रीती साऱ्या संस्कृत काव्यशास्त्राने वाखाणली. ते वर्गीकरण राजाराणीवरून झालेले नसून रचनेच्या गुणांवरून झालेले होते. पुढे याच विदर्भात, तेराव्या शतकात, रिद्धपुरी 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. आणि संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्यांना काही कळणार नाही, अशा अर्थाचे शब्द नागदेवाचार्यांनी केशिराजबासांस ऐकविल्याचे महानुभाव परंपरा सांगते. सामान्य माणसाच्या बोलीत काव्य लिहावे, ही वर्डस्वर्थची प्रसिद्ध प्रस्तावना १८०० सालची. मग या बाबतीत इंग्लंड आमच्याहून पाचशे वर्षे मागे होते, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे हास्यास्पद होईल. पण उलट बाजूने तेच म्हटले असता आम्हांस हसू येत नाही, हीच आमची शोकांतिका.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांस झाला. परंतु दर्जा सरकारने दिला तरी स्वतःचा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय सरकार लावू शकत नाही. ती शिक्षकाने आणि पालकाने लावावयाची असते. आमची सूचना अगदी साधी आहे. इंग्रजी असो वा मराठी, कोणत्याही युगाचे नाव सांगण्यापूर्वी त्या युगातले एक पुस्तक विद्यार्थ्याकडून पुरते वाचून घ्यावे. मग ते नाव त्या पुस्तकास शोभते काय, हे त्यालाच ठरवू द्यावे. ज्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी परीक्षेचा निकाल विचारण्याआधी एवढेच विचारावे: या वर्षी काय वाचलेस? उत्तरादाखल नुसत्या सनावळ्या आल्या, तर गुण कितीही पडोत, वर्ष फुकट गेले असे खुशाल समजावे.