‘बघ, कळेल तुला’ एआयला चालत नाही!

फेस्टचं बजेट, एनएसएस कॅम्पची यादी, प्रोजेक्टचा सर्व्हे… कॉलेजातलं निम्मं जग एक्सेल शीटमध्ये राहतं. आणि ती शीट दुसऱ्याच्या हातात देताना आपण काय सांगतो? ‘अरे सोपंय, बघ, कळेल तुला.’

समोर माणूस असेल तर हे खपून जातं. तो चिडतो, रात्री अकराला फोन करतो, पण विचारतो तरी. आता मात्र हे काम एआय एजंटकडे जायला लागलंय. एजंट म्हणजे नुसता उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे. तो फाइल उघडतो, सेल बदलतो, सेव्हही करतो. त्यासाठी त्याला टूल द्यावं लागतं आणि प्रत्येक टूलसोबत त्याची माहिती लिहून द्यावी लागते. एजंटला टूल जोडण्यासाठी २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचं मानक आलं. त्यातही टूलचं नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, हे लिहायची सोय आहे. कोणतं टूल कधी वापरायचं, हे एजंट बरंचसं ते वर्णन वाचूनच ठरवतो.

ही चार ओळींची माहिती बहुतेकदा कोडिंग संपल्यावर घाईघाईत उरकली जाते. माझं म्हणणं असं, की ते उरकायचं काम नाही. ते लेखन आहे आणि त्यावर कुणाचे तरी पैसे, मार्क, नाव अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ. बजेटच्या शीटमध्ये बी२ ते बी२० खर्च आहेत, खाली त्यांची बेरीज. एक्सेल उघडून तुम्ही मधे एक रो घातली, तर बेरजेचं सूत्र आपोआप बी२१ पर्यंत जातं. पण पायथॉनमध्ये शीट बदलायला ‘ओपनपायएक्सएल’ नावाची लायब्ररी खूप वापरली जाते, ती असं करत नाही. रो घातल्यावर सूत्रं आम्ही सांभाळत नाही, असं तिच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. आता या लायब्ररीवर कुणी एजंटसाठी टूल बनवलं आणि वर्णनात फक्त ‘शीटमध्ये रो घालतं’ एवढंच लिहिलं तर? एजंट रो घालणार आणि ‘काम झालं’ म्हणून सांगणार. शेवटचा खर्च मात्र बी२१ वर सरकून बेरजेबाहेर राहणार. शीट दिसायला एकदम चकाचक, हिशेब चुकलेला. ‘रो घातल्यावर सूत्रं बदलत नाहीत, ती स्वतः तपास’ एवढं एक वाक्य तिथे असतं, तर हे टळलं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच अचूक ठेवतं. १६ अंकी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला, की शेवटचा अंक शून्य होतो. स्कॉलरशिपच्या यादीत असं झालं, तर पैसे अडकणार त्या विद्यार्थ्याचे. ‘खाते क्रमांक नेहमी टेक्स्ट म्हणून लिही’, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं ना!

शीटमधल्या छोट्या चुका छोट्याच राहतील, असंही नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला. त्यात ६५,५३६ च्या पुढे रो मावत नाहीत. परिणामी कोरोनाच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यांतून गळल्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेत थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांची शीट तपासली. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते! या दोन्ही वेळी शीट माणसांच्याच हातात होती. एजंट अशाच चुका मिनिटाला शंभर करू शकतो.

‘एआय हुशार आहे, त्याचं तो समजून घेईल,’ असं काही जण म्हणतील. हुशार आहे, हाच तर घोळ! माहिती नसली की तो थांबतोच असं नाही, अंदाज बांधून पुढे जातो. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? एकच काहीतरी धरणार आणि सगळा कॉलम बदलणार. म्हणून चांगल्या वर्णनात टूल काय करतं एवढंच नसावं. ते काय करत नाही, रो एकपासून मोजायच्या की शून्यापासून, कुठे थांबून माणसाला विचारायचं, हेही असावं. एरर आली तर नुसतं ‘चूक झाली’ नको, पुढे काय करायचं ते हवं.

आता सांगा, वाचणाऱ्याला काय माहीत नाही हे ओळखून कमी शब्दांत लिहिणं कुणाला शिकवतात? आपल्याला, मास कॉमवाल्यांना! बातमी लिहिताना आपण दुसरं काय करतो? मराठी, इंग्रजी, पत्रकारिता शिकणाऱ्यांनी ‘हे टेकवाल्यांचं’ म्हणून या कामाकडे पाठ फिरवू नये आणि कॉलेजांनीही ते अभ्यासक्रमात आणावं. कोडिंग करणाऱ्या मित्राशेजारी बसून ‘हे टूल नेमकं कधी फसतं?’ असं विचारणारं कुणीतरी हवंच असतं.

सुरुवात आपल्याच शीटपासून करता येईल. पुढच्या बॅचला बजेट देताना पहिल्या टॅबवर पाच ओळी लिहा: कोणता कॉलम हाताने भरायचा, कोणत्या सेलमध्ये सूत्र आहे, तारीख कशी लिहायची, कशाला हात लावायचा नाही आणि अडलं तर कुणाला विचारायचं. त्या ओळी ज्युनिअर वाचेल, उद्या एजंटही वाचेल. दोघांनाही ‘बघ, कळेल तुला’ म्हणायची वेळ येणार नाही.