एनओसीत पाइपाचा रंग आहे, वायर नाही



उन्हाळा तोंडावर आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या कार्यालयांत एकाच नमुन्याचे अर्ज येऊन पडतात : ‘स्प्लिट एसी बसवण्यास ना हरकत प्रमाणपत्र मिळावे.’ समितीही ठरलेल्या अटी घालून ते देऊन टाकते. आउटडोअर युनिट ग्रिलच्या बाहेर लोंबू नये, पाणी खालच्यांच्या छज्ज्यावर पडू नये, भिंतीला पाडलेले भोक बुजवून रंगवून द्यावे. पाइप पांढराच हवा, करडा चालणार नाही, अशीही अट मी एका पत्रात वाचली आहे. हा एसी कोणत्या वायरीवर चालणार, असे विचारणारी एनओसी मात्र माझ्या पाहण्यात नाही. तो प्रश्न पहिल्या क्रमांकाची अट व्हायला हवा आणि त्याचे उत्तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीने यायला हवे, यासाठी हे पत्र.

युनिटबद्दलची काळजी अनाठायी आहे असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत वरच्या मजल्यावरून आउटडोअर युनिट कोसळून खाली स्कूटरवर बसलेला तरुण मुलगा दगावला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्टँड किती पावसाळे काढणार, हे विचारायलाच हवे. पण स्टँड गंजलेला दिसतो तरी. भिंतीतली वायर दिसत नाही.

त्यात आता एसी ऑनलाइन मागवायचा आणि व्हिडिओ पाहत घरच्या घरी बसवायचा, अशी हौस वाढू लागली आहे. अमेरिकेत तर त्यासाठी आधीच गॅस भरलेल्या पाइपांसह तयार संच मिळतात. तिथेही वीजजोडणीला स्वतंत्र सर्किट लागते आणि अनेक शहरांत परमिट काढावे लागते, हे आपल्याकडचे हौशी लोक सोयीस्करपणे विसरतात. हौसेला माझा विरोध नाही. खोलीचे माप घेणे, स्टार लेबल वाचणे, युनिटची जागा ठरवणे ही कामे घरमालकच दुकानदारापेक्षा बरी करतो. दुकानदाराच्या हिशेबी प्रत्येक खोली दीड टनाचीच असते; वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत नसेल तर सव्वाशे चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन बहुधा पुरतो. तांब्याच्या पाइपाला मात्र व्हॅक्यूम पंप नसणाऱ्याने हात लावू नये. हल्लीच्या बहुतेक एसींमधला आर-३२ गॅस थोडाफार का होईना, पेट घेणारा आहे.

आता वायरीकडे येऊ. दीड टनाचा एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टला सात-आठ अँपिअर. ‘एवढे तर कुठलाही १६ अँपिअरचा पॉइंट खेचतो,’ असे दुकानातला मुलगा सांगतो आणि तो खोटे बोलत नाही. अडचण तासांची आहे. इस्त्री दहा मिनिटे चालते, गिझर पंधरा. एसी मे महिन्यात रात्रभर चालतो. अंधेरी-घाटकोपरच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत वायरिंग झाले ते ट्यूबलाइट, पंखे आणि फार तर फ्रिजच्या हिशेबाने. काही ठिकाणी अजून अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे, तिला पुढे तांब्याचा तुकडा पिळून जोडलेला असतो आणि वर काळी टेप. असा जोड वर्षागणिक सैल होतो, त्यावर ऑक्साइड चढते, रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. त्यातून ८ अँपिअर गेले तर त्या जोडावर ३२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तिच्याहून जोरकस इस्त्री तुमच्या लाकडी पट्टीमागे किंवा स्विचबोर्डात रात्रभर तापत ठेवल्यासारखे झाले. आणि इथे एमसीबी पडत नाही! प्रवाह वाढलेलाच नाही, तर तो पडेल कशाला?

जिथे तो पडतो, तिथे वेगळाच उपाय होतो. १६ चा सारखा पडतो म्हणून कोपऱ्यावरचा मिस्त्री ३२ चा बसवून जातो आणि घरातले म्हणतात, ‘आता कसा बिनतक्रार चालतो.’ एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जुनीच ठेवून तो दुप्पट करणे म्हणजे रक्षण काढून टाकणे. अर्थिंगचीही तीच तऱ्हा. जुन्या घरांत सॉकेटचे तिसरे भोक कित्येकदा नुसते शोभेचे असते. त्यावर चालणारे युनिट लोखंडी ग्रिलला टेकलेले, बाहेर पाऊस, आणि त्याच ग्रिलवर घरातली बाई ओले कपडे टाकते आहे. हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे.

‘पण कंपनीचा माणूस येतोच ना,’ असे मला सांगितले जाते. येतो, पण तो गॅसचा आणि पाइपाचा जाणकार. आयटीआयमध्ये वातानुकूलनाचा अभ्यासक्रम निराळा आणि तारतंत्रीचा निराळा, ते उगाच नाही. मोफत फिटिंगमध्ये वायरिंग सहसा धरलेले नसते. सीझनमध्ये पुढच्या घरी पोहोचायची घाई असलेला हा मुलगा जवळचा पॉइंट शोधतो, थंड हवा आली की सही घेतो आणि जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, वायर तपासायला त्याला कुणी पाठवलेलेच नसते.

कायदा याबाबत मोघम नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी, मांडणीची क्षमता न बदलणारी कामे सोडली तर वीजमांडणीतली भर वा फेरफार परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली करायचा असतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ही तरतूद होती, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही आहे. एसीसाठी मीटरपासून नवी लाइन ओढणे हे बल्ब बदलण्यात मोडत नाही.

‘फ्लॅटच्या आत सोसायटीने नाक का खुपसावे?’ हा आक्षेप वजनदार वाटतो, पण आदर्श उपविधी वाचले की टिकत नाही. फ्लॅटच्या मुख्य स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांची देखभाल त्यात सोसायटीच्याच माथी आहे. मीटर रूममधून वर जाणाऱ्या डक्टमध्ये सगळ्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून असतात. तिसऱ्या मजल्याच्या वायरीची आग तिसऱ्या मजल्यापुरती राहत नाही.

उरला खर्च. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ४० हजारांच्या यंत्रामागे हे तीन हजारांवर वाचले. तो पैसा स्टॅबिलायझरच्या मखरात घालण्याऐवजी ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या स्वतंत्र लाइनीत, योग्य एमसीबीत आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत घातला, तर बराचसा खर्च त्यातूनच सुटेल.

म्हणून समित्यांना विनंती : एनओसीच्या अर्जाला ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायला लावा. त्यात वायरीची जाडी, एमसीबीचा आकडा आणि अर्थिंग तपासल्याची नोंद असू द्या. घरात दुसरा-तिसरा एसी येत असेल तर मंजूर भार वाढवल्याचा कागदही मागा. मुलुंडला तो महावितरणकडून मिळेल, अंधेरी-बोरिवलीला अदानी किंवा टाटांकडून. उपनिबंधकांनी तसे परिपत्रक काढले तर समित्यांना सभासदांशी वाद घालत बसावे लागणार नाही.

ज्यांच्या घरी एसी आधीच लागला आहे, त्यांनी तो दोनेक तास चालल्यावर कोरड्या हाताने प्लगचे प्लास्टिक बाहेरून चाचपून पाहावे. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर एमसीबी खाली करून ती रात्र पंख्यावर काढावी आणि सकाळी एसीवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.

– एका गृहनिर्माण सोसायटीचा माजी सचिव, मुलुंड (पूर्व)