वाचणे म्हणजे बोलते करणे



आपण रोज 'वाचणे' हा शब्द वापरतो, पण तो आला कोठून? त्याचे मूळ आहे 'वाचा', म्हणजे बोलणे. अष्टांगिक मार्गातली 'सम्मा वाचा' आपण विहारात ऐकतो, तीच ही वाचा. पालीत 'वाचेति' म्हणजे बोलायला लावणे, पाठ म्हणवून घेणे. मराठीने 'वाच'ला 'णे' जोडले. वाचणे म्हणजे मुक्या अक्षरांना बोलते करणे!

हा शब्द समुद्रापारही गेला. ज्या इंडोनेशियात बोरोबुदूरचा प्रचंड स्तूप आहे, तेथे संस्कृतातून गेलेल्या या शब्दाचे 'बाचा' झाले. आपण प्रत्यय शब्दामागे लावतो, ते बहुधा पुढे लावतात. 'मेम्बाचा' म्हणजे वाचणे, 'पेम्बाचा' म्हणजे वाचक. मागे 'आन' लावला की 'बाचाआन', म्हणजे वाचायचा मजकूर.

आता आपल्या बोरिवलीला या. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. ती लिपी लोक विसरले आणि कित्येक शतके ती अक्षरे मुकी राहिली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तेव्हा कोठे कल्याण-सोपाऱ्याचे ते उपासक पुन्हा बोलू लागले.

आपल्या आजी-पणज्यांपुढे तर सगळीच अक्षरे मुकी ठेवली गेली. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली, असे किती घरांत घडले! मराठीत दुसरेही एक 'वाचणे' आहे, जीव वाचणे. जुन्या पुस्तकांत ते 'वांचणे' असे अनुस्वार देऊन छापीत. त्याचे मूळ वेगळे, 'वञ्च्', म्हणजे चुकवून निसटणे. व्याकरणात हे दोन शब्द निराळे. पण आपल्या माणसांना जो वाचला तोच वाचला, हे अनुभवाने कळले.

आजही घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत पुनर्वसनाची संमतीपत्रे दारात येतात. "सगळ्यांनी केली, तुम्हीही करा सही," असे कोणी म्हणाले, तरी घाई करू नका. कागद घरी ठेवून घ्या. रात्री जेवणे झाली की शाळेत जाणाऱ्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा. आजीलाही जवळ बसवा. अडेल तेथे जाणत्याला विचारा.

कागद घरात बोलू द्या. सही त्यानंतर!